चाकावरचं घर : स्लाइडवाला ट्रेलर घ्यावा की साधा?

या खेपेला टपालात एकाच विषयाची चार पत्रं निघाली. अमेरिकेतल्या मुलाला काय सांगू असं साताऱ्याहून एका बाईंनी विचारलंय. विट्याच्या पाहुण्यांना तीच गंमत इथं, आपल्या रस्त्यावर करायची आहे. बाकीची दोन छोटी आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त लागली, त्याबद्दल संपादकांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, साताऱ्यात गोडोलीला राहते. मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबसला असतो. मे महिन्यात आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी तिकडं जाणार आहोत. आम्हाला फिरवता यावं म्हणून त्यानं पिकअप गाडीमागं जोडायचा ट्रेलर घ्यायचं ठरवलंय. दोन पसंत पडलेत. एक बावीस फुटी, साधा. दुसरा सव्वीस फुटी. त्यात बटण दाबलं की जेवणाचं टेबल आणि सोफा भिंतीसकट बाहेर सरकतात, त्याला स्लाइड-आउट म्हणतात. सून म्हणते स्लाइडवालाच हवा, मुलगा म्हणतो साधा बरा. सोबत सात वर्षांचा नातू. आमच्या यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि प्रोस्टेटमुळे दर दीड-दोन तासांनी जावं लागतं. आता दोघांनी मला मध्ये घातलंय आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही. काय सांगू?

उत्तर : बाई, भांडण सोडवायला सासूला बोलावणारी सून मिळाली, तुमचं निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ते टेबल-सोफ्याच्या ओळीत नाही, शेवटून तिसऱ्या ओळीत आहे. तिथवर येतो.

आधी माझं मत कुठून येतं ते सांगतो. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून मी नऊ वर्षं इंडियाना राज्यात एल्कहार्टला नोकरी केली. आपल्याकडं इचलकरंजी म्हटलं की माग, तसं तिकडं एल्कहार्ट म्हटलं की ट्रेलर. गावात जुन्या ट्रेलरांचं म्युझियम आहे, त्यात १९१३ सालचासुद्धा एक उभा आहे. कारखान्यात माझ्या आजूबाजूला बरेच जण आमिश पंथाचे होते. स्वतः मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून हिंडतात आणि दिवसभर दुसऱ्यांच्या मोटारींमागं जोडायची घरं बांधतात. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर भिंत उभी करायचे. तसे सुतार मी पुन्हा पाहिले नाहीत.

माझं काम पाण्याचं. तयार ट्रेलरची दारं-खिडक्या बंद करायची, आत पंख्यानं हवा भरायची आणि बाहेरून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी मारायचं. हवा जिथून निसटते तिथं बुडबुडा धरतो. आज जिथून हवा बाहेर आली, उद्या तिथूनच पाऊस आत जाणार. साध्या ट्रेलरला बुडबुडे यायचे ते छतावरच्या झरोक्याशी, नाहीतर बाहेरच्या दिव्याच्या मागं. स्लाइडवाला आला की मी आधी गुडघ्यावर बसायचो, कारण त्याचा बुडबुडा ठरलेला. स्लाइडच्या खालच्या दोन कोपऱ्यांत, जिथं उभं रबर आणि आडवं रबर एकमेकांना भेटतं तिथं. मोतीचुराएवढा फुगायचा, हलायचा, फुटायचा, परत फुगायचा.

स्लाइड म्हणजे काय, ते कपाटाचा खण डोळ्यांसमोर आणा म्हणजे कळेल. ट्रेलरच्या भिंतीला बारा-तेरा फूट लांब, सहा फूट उंच असं भगदाड पाडलेलं असतं. त्यात एक खोका बसवतात. खोक्याला स्वतःची जमीन, छत आणि तीन भिंती. रस्त्यावर असताना खण आत, मुक्कामाला पोचलं की बटण दाबायचं आणि खण तीनेक फूट बाहेर. बारा बाय तीन धरले तर छत्तीस चौरस फूट. आपल्याकडच्या न्हाणीघराएवढीच जागा, पण ती मिळते घराच्या मधोमध. त्यामुळे आत पाय ठेवला की माणूस भुलतो. तुमची सून भुलली यात तिची काही चूक नाही. एल्कहार्टच्या शेजारच्या नॅपनी गावातल्या न्यूमार कंपनीनं १९९० च्या सुमाराला ही युक्ती मोटरहोममध्ये, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या फिरत्या घरात, आणली आणि मग बघता बघता सगळ्यांनी उचलली.

आता कुकरची रिंग आठवा. ती नुसती दाबून बसते तरी वर्षा-दोन वर्षांत बदलावी लागते, नाहीतर वाफ बाजूनं जाते आणि शिट्टी काही होत नाही. स्लाइडचं रबर दाबूनही बसतं आणि दर वेळी घासतंही. त्यात दोन प्रकार. एक फुगीर नळीसारखं, ते खण पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर गेला की चेपून बसतं. दुसरं जिभेसारखं, ते मोटारीच्या वायपरसारखं खोक्याच्या अंगावरून पाणी पुसत राहतं. दोन्ही चांगली असतील तर थेंब आत येत नाही. पण ऊन, थंडी, झाडाचा चीक, पानं, काड्या सगळं त्यांच्याच अंगावर. कारखान्यातून निघताना बुडबुडा नसलेला ट्रेलर पाच वर्षांनी माझ्याकडं आणला असता तर मी पैज लावली नसती.

म्हणजे स्लाइड वाईट का? नाही. एका जागी महिनाभर राहणाऱ्याला ती सोन्यासारखी. म्हणून तर गळतीची गोष्ट मी दुसऱ्या नंबरला ठेवतो. पहिली गोष्ट अशी की दुकानदार ट्रेलर दाखवतो तो नेहमी स्लाइड बाहेर काढून. दिवे लावलेले, टेबलावर प्लास्टिकची फळं. तुमच्या मुलाला एवढंच सांगा : सगळ्यांना घेऊन जा आणि दुकानदाराला म्हणा, ‘ही बंद कर.’ बंद झाल्यावर दारातून आत जाता येतं का बघा. फ्रीज उघडतो का, पलंगापर्यंत पोचता येतं का बघा. आणि सगळ्यात आधी, संडासाचं दार उघडतं का बघा. कित्येक नमुन्यांत खण आत आला की मधली वाट बोळकांडीएवढी राहते, काहींत तेवढीही नाही. सोफा थेट स्वयंपाकाच्या ओट्याला जाऊन भिडतो.

आता चित्र बघा. तुम्ही कोलंबसहून स्मोकी माउंटनच्या वाटेला लागलात. दिवसाचे सहा-सात तास गाडीत. दीड तासानं यांना जायचंय. हमरस्त्याच्या कडेला थांबलात, मागं स्वतःचं घर ओढत आणलंय, त्यात स्वच्छ संडास आहे, आणि तिथं पोचायला आधी स्लाइड बाहेर काढावी लागते. तिला बाजूला तीन फूट मोकळी जागा हवी, ट्रेलर सपाट उभा हवा. शेजारून कंटेनर जातायत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस पायरीवर उभा. तुमच्या पत्रातली ती ओळ म्हणून महत्त्वाची.

तिसरी गोष्ट वजनाची. इथं मुलगा इंजिनची ताकद सांगेल, ‘माझी पिकअप एवढे पौंड ओढते.’ ओढेलही. पण ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक किलोच्या वर जाता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. किलोतही असतं, बरं का. समजा तो आकडा ६८० आहे. सव्वीस फुटी स्लाइडवाला भरून ३,२०० किलो धरू. ट्रेलर नीट चालायचा तर त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पिकअपच्या मागच्या हुकावर यावा लागतो. बारा टक्के धरले तर ३८४ किलो. जोडणीचं लोखंड ४५ किलो. चार मोठी माणसं सरासरी सत्तर किलोची म्हणजे २८० आणि नातू पंचवीस. बेरीज ७३४. स्टिकर सांगतं ६८०. अजून एक बॅगही ठेवलेली नाही.

बावीस फुटी साधा भरून २,३०० धरा. बारा टक्के म्हणजे २७६, अधिक ४५, अधिक ३०५, झाले ६२६. चोपन्न किलो शिल्लक. साताऱ्याचे कंदी पेढे मावतील. हे आकडे मी अंदाजानं मांडलेत, खरे आकडे मुलानं दोन्ही ट्रेलरच्या पाटीवरून आणि स्वतःच्या दारावरून वाचून घ्यावेत. पण बेरीज हीच करायची. एका स्लाइडचं मोटर, लोखंड, जादा फरशी असं मिळून दीडशे ते साडेतीनशे किलो सहज होतं, आणि ते तुम्ही रोज ओढणार, वापरणार संध्याकाळी दोन तास.

तेव्हा माझं मत विचाराल तर साधा. सुनेची बाजू मात्र हसण्यावारी नेऊ नका. तिला काय दिसतंय ते मला कळतंय. पावसाचा दिवस, पाच माणसं आत, सासरे पाय लांब करून बसलेले, पोरगं पत्ते मागतंय आणि तिला कुकर लावायचाय. बावीस फुटांत ते होत नाही असं नाही, पण कुणीतरी सतत ‘जरा सरका’ म्हणत राहणार. तिला सांगा, स्लाइडचे पैसे वाचतात त्यात चांगलं मोठं ऑनिंग, म्हणजे दाराबाहेर उघडायचं कापडी छत, आणि त्याला चारी बाजूंनी लावायची डासांची जाळी घ्या. सहा महिन्यांतले निदान चार ओसरीवर जातील. ओसरी असली की घराची लांबी कुणी मोजत नाही, हे साताऱ्याच्या माणसाला मी काय सांगू.

आणि तरीही स्लाइडवालाच आला घरात, तर चार गोष्टी मुलाला वाचून दाखवा. एकच स्लाइड असावी, दोन नकोत. ती बंद असताना संडास आणि पलंग मोकळा हवा. यंत्रणा विचारून घ्यावी. फ्रेमखालून जाणारं दणकट रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक, मला आवडतं. भिंतीतच बसवलेल्या पातळ दातेरी पट्ट्या आणि दोन कडेला दोन मोटरी अशीही एक पद्धत आहे, ती हलकी असते, पण दोन मोटरी बरोबरीनं चालल्या नाहीत की खण तिरका होऊन अडकतो. मग बैलजोडीतला एक पुढं आणि एक मागं असल्यावर जे होतं तेच. वीज गेली तर हातानं आत घ्यायचं हँडल कुठं लागतं, ते दुकानातच लावून बघावं. आणि ऑक्टोबरात जपून. तिकडं थंडी लवकर पडते, गरम हवेचे पाइप खोक्याच्या जमिनीत सहसा नसतात, त्यामुळे स्लाइडमधल्या सोफ्यावर बसणाऱ्याचे पाय गारठतात. तिथं यांना बसवू नका.

जुना घेत असतील तर बाहेरच्या भिंतीवर संध्याकाळी तिरपी बॅटरी मारून बघायची. पापडासारखा फुगवटा दिसला तर आत पाणी मुरलंय. मग किंमत निम्मी केली तरी नको.

प्रश्न : मी विट्याचा. आमचा गलाईचा धंदा, भाऊबंद देशभर पांगलेले. आई-वडिलांना घेऊन सगळ्यांकडं एकेक चक्कर मारायची आहे. युट्यूबवर बघून डिझाइन काढलंय. वीस फुटी ट्रेलर, दोन्ही बाजूंना स्लाइड. कुपवाडला तुमच्या वर्कशॉपमध्ये बांधून मिळेल का? खर्चाचं सोडा.

उत्तर : पाहुणं, खर्चाचं सोडलं, आता हट्टाचं पण सोडा. दोन्ही बाजूंना भगदाड पाडल्यावर वीस फुटी सांगाड्यात भिंत म्हणून काय उरतं? पुढचं आणि मागचं तोंड. खंबाटकी उतरताना तो सांगाडा पीळ खाणार आणि पिळलेल्या चौकटीत खण अडकणार, ते तर कुठल्याही सुताराला विचारा.

बांधून मिळेल का, तर एक बाजू मिळेल. पण आधी पासिंगचं बोलू. ट्रेलरला स्वतःचा नंबर घ्यावा लागतो. आपल्याकडं रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे, त्यामुळे स्लाइड बंद असताना रबर-बिजागरीसकट सगळं तेवढ्यात बसायला हवं. नोंदणीच्या वेळी कागदावर जे लिहिलं जाईल तेच राहणार. आधी साधा डबा एमएच-१० मध्ये पास करून घ्यायचा आणि मग घरी भिंत कापायची, असला विचार डोक्यात असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. पास झालेल्या गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमावाला तेच कलम काढून बसतो. २०२१ मध्ये राज्यानं कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं त्यामुळे लोकांना वाटतं आता काहीही चालतं. तसं नाही.

दुसरं, तुमची ओढणारी गाडी कोणती ते लिहिलंच नाहीत. कंपनीनं ब्रेकवाला ट्रेलर किती किलोपर्यंत ओढायचा ते पुस्तकात छापलंय का, ते आधी बघा. छापलं नसेल तर माझ्याकडं येऊ नका. उसाच्या ट्रॉलीला ब्रेक नसला तरी ट्रॅक्टर दोन-दोन ओढतो, हे मला माहीत आहे. तो ताशी पंधरा-वीसनं कारखान्यापर्यंत जातो, तुम्ही म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन हैदराबादला निघालाय.

वजन कुठं येतं ते तर तुम्हाला घरात विचारता येईल. वडिलांनी बैलगाडी हाकली असेल. गाडी मागं जड भरली की उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. धुरेवर जास्त आलं तर बैल खांदा टाकतो. मोटारीमागच्या ट्रेलरचं गणित अगदी तेच. मागं उलाळ झालेला ट्रेलर ताशी ऐंशीला शेपूट हलवायला लागतो आणि पुढची गाडी घेऊन आडवा होतो. आता स्लाइड म्हणजे दोन-अडीचशे किलोचं वजन, ते एका बाजूला, आणि बसणार बहुतेक चाकांच्या मागं किंवा पुढं. म्हणजे डावं-उजवं आणि पुढचं-मागचं दोन्ही तोल सांभाळून समोरच्या बाजूला पाण्याची टाकी, बॅटऱ्या, गॅस लावावे लागतात. कागदावर दोन्ही बाजूंना स्लाइड काढली की तोल आपोआप साधतो असं वाटतं. साधतो खरा, पण एकूण वजन बघा.

मी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. २०१६ मध्ये स्वतःसाठी एक बांधला. अठरा फुटी, डाव्या अंगाला एक स्लाइड, त्यात पलंग. एल्कहार्टची नऊ वर्षं डोक्यात, त्यामुळे गर्व होता. वर्कशॉपमध्ये पाइप लावून दोन तास पाणी मारलं, थेंब नाही. पुढच्या जुलैत आम्ही दोघं कराड-पाटणवरून कोयनानगरला गेलो. एल्कहार्टला वर्षभरात पाऊस पडतो साधारण हजार मिलिमीटर. आमच्या सांगलीला त्याहून कमीच. आणि महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात पाच-पाच हजार. हा हिशोब मला तोंडपाठ होता, पण तोंडपाठ असणं आणि त्याच्याखाली झोपणं यात फरक असतो.

पहिली रात्र छान गेली. दुसऱ्या दिवशी डाव्या चाकाखालची लाल माती बसत गेली आणि ट्रेलर दोन बोटं कलला, स्लाइड होती त्याच अंगाला. पण खोक्याच्या छतावरचं पाणी बाहेर वाहून जायच्या ऐवजी वाऱ्यानं भिंतीकडं ढकललं जात होतं. रात्री अडीचच्या सुमाराला आमच्या हिनं मला हलवलं. बॅटरी मारली. खालच्या कोपऱ्यात, उभं आणि आडवं रबर भेटतं तिथं, एक थेंब गोल धरत होता. जड व्हायचा, लांबायचा, सुटायचा. मी नऊ वर्षं ज्याच्या मागावर होतो तोच कोपरा. फक्त या वेळी मी आतल्या बाजूला होतो. ही बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, ‘याला तुम्ही तिकडं काय म्हणता? आम्ही खिंडार म्हणतो.’

पहाटे स्लाइड आत घ्यायला गेलो तर मोटर कण्हली आणि थांबली. कलल्यामुळे तिला खण चढावर ओढायचा होता. बारा व्होल्टची बॅटरी दोन दिवस दिवे, पंखा, पंप चालवून अकराच्या खाली आलेली. हातानं फिरवायचं हँडल कुपवाडला, वर्कशॉपच्या भिंतीवर, खिळ्याला. शेवटी शेजारच्या वस्तीवरची चार पोरं आली, दोन पहारी आणल्या, जॅक लावून डावी बाजू उचलली आणि ‘हय्या’ करत खोकं खांद्यानं आत लोटलं. गादी पिळून काढली. पोरांना पैसे देऊ केले तर घेतले नाहीत, चहा मात्र आमच्याच गॅसवर करून प्यायले.

तेव्हा तुम्हाला माझा सल्ला असा. तुमची वाट बहुतेक कोरड्या मुलखातून जाते, हे तुमच्या बाजूनं. पण पावसाऐवजी धूळ आहे. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर पाचट आणि माती मिळून जो फुफाटा असतो तो रबराच्या जिभेवर बसतो आणि प्रत्येक वेळी पॉलिश पेपरसारखा घासतो. शिवाय भाऊबंदांच्या दारात, गल्लीत, ट्रेलर लावल्यावर स्लाइड उघडायला तीन फूट कुठून आणणार? शेजाऱ्याच्या ओट्यावर जाईल.

त्यापेक्षा आई-वडिलांसाठी दोन कायमचे पलंग, मधे हात धरायला दांडा, दाराला बुटक्या पायऱ्या आणि एका बाजूला कनात. लग्नाच्या मांडवाला लावतात तसल्याच जाड कापडाची, ट्रेलरच्या छताला पन्हाळीत अडकवायची. तीन फूट काय, दहा फूट जागा मिळते, वजन वीस-पंचवीस किलो, आणि बिघडली तर सुई-दोरा. उभं राहायला डोकं लागतं अशी तक्रार असेल तर वर उचलायचं छत करता येतं. त्यालाही कापड आणि रबर लागतं, पण ते पावसात खाली घेऊन बसता येतं. एवढं मान्य असेल तर गाडीचं पुस्तक घेऊन या, बांधू.

प्रश्न : तासगावला आमच्या द्राक्षबागेत एक जुना स्लाइडवाला ट्रेलर ऑफिस म्हणून उभा आहे. स्लाइड करकरते म्हणून गड्यानं रबराला ट्रॅक्टरचं ग्रीस लावलं. आता रबर फुगल्यासारखं दिसतंय. शिवाय उंदीर येतात. बेदाण्याच्या शेडमधून येत असावेत.

उत्तर : ग्रीस लगेच पुसा. हे रबर बहुतेक ईपीडीएम जातीचं असतं. ऊन-पाऊस सोसतं, पण पेट्रोलियमचं तेल-ग्रीस लागलं की पिऊन फुगतं आणि ढिलं पडतं. साध्या साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळू द्या, मग सिलिकॉनचा स्प्रे फडक्यावर घेऊन फिरवा. जे फुगलंय ते परत मूळ मापावर येईल अशी आशा ठेवू नका, तेवढी पट्टी बदला. करकर मात्र रबराची नसावी. खाली बसून रॅकचे दाते बघा, त्यात माती गेली असेल. ते ब्रशनं साफ करायचे आणि कोरडं वंगण लावायचं. चिकट लावलं तर आणखी माती धरेल.

उंदीर स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यातूनच येतात. दोन्ही बाजूंना. बारीक जाळी आणि भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी कोंबून बघा, पण स्लाइड हलवायच्या आधी आठवणीनं काढा. ऑफिसच आहे तर हलवता कशाला?

प्रश्न : गेल्या दिवाळीच्या अंकात तुम्ही स्वतःसाठी स्लाइडवाला ट्रेलर बांधल्याचं लिहिलं होतं. पुढं त्याचं काय झालं ते लिहिलं नाही. – मिरजेचा एक वाचक

उत्तर : कोयनानगरचं वर आलंच आहे. त्यानंतर तो दोनदा बाहेर काढला, एकदा कासच्या फुलांना आणि एकदा पंढरपूरला, दोन्ही वेळा स्लाइड उघडली नाही. पलंगाच्या कडेवर एक कूस करून झोपलो. मग कुपवाडला वर्कशॉपच्या कोपऱ्यात विटांवर चढवला, चाकं उतरवून एका गिऱ्हाइकाला दिली. स्लाइड बाहेर काढून कायमची वेल्ड केली आणि वरून घरावर घालतात तसा पत्रा टाकला, हातभर पुढं काढून. पोरं तिथं दुपारचा डबा खातात, हिशोबाची वही तिथंच असते, आणि पलंगावर आता मी दुपारी अर्धा तास पडतो. पाच पावसाळे गेले, आत एक थेंब नाही. पत्रा मात्र वारा सुटला की रात्रभर वाजतो, वॉचमन कुरकुर करतो.